सरपणातली वाट

१

लाकूड वाळलं की नाही, हे मी कानाने ठरवते. दोन ढलप्या हातात घ्यायच्या आणि एकमेकींवर ठोकायच्या. ओल असेल तर ‘थप’ असा बसका आवाज येतो. वाळलेल्या असतील तर टणटणीत वाजतात. आमच्याकडे हे सगळ्यांनाच येतं, त्यात माझं काही कौतुक नाही. कौतुक असलंच तर एवढंच, की भर आषाढात टणटणीत वाजणारं सरपण आमच्या पाड्यात फक्त माझ्याकडे असायचं.

धंदा साधाच. उन्हाळ्यात बांधावरच्या ऐनाच्या, धावड्याच्या फांद्या उतरवायच्या, तुकडे करून फोडायचे, उन्हात आडवे-उभे रचून वाळवायचे आणि पाऊस लागायच्या आत जुन्या घरात भरून ठेवायचे. मग पावसाळ्यात जव्हारचे चहावाले, खानावळवाल्या आपणहून विचारत येतात. उमेश, म्हणजे माझा नवरा, एरवी गवंड्याच्या हाताखाली कामाला जातो आणि गिऱ्हाईक आलं की भाड्याच्या पिकअपमधून माल पोचवतो. तो उचलतो, मी बोलते. आमच्या संसारात कामाची वाटणी पहिल्यापासून अशीच आहे.

हा धंदा मी हौसेने काढलेला नाही. आधी आम्ही दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचो. माझं पहिलं मूल तिथेच गेलं, पोटात असतानाच. त्याबद्दल मी फारसं बोलत नाही, पण माझा एक दिवस त्याच्या आठवणीशिवाय जात नाही. यंदा पुन्हा दिवस राहिले तेव्हा मी उमेशला सांगून टाकलं, की हे मूल माझ्या घरात होईल. सरपण नीट विकलं गेलं तर भट्टीवर जावं लागणार नव्हतं, आणि नाही विकलं गेलं तर जावं लागणार होतं. माझं सगळं त्या लाकडांवर टांगलेलं होतं.

२

आमचं घरकुल झालं तेव्हा आम्ही जुनं घर पाडलं नाही. अंगण ओलांडलं की समोरच ते उभं आहे. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर कौलं, पुढे दार आणि मागे एक बुटकं दार, वाकून जावं लागेल असं. त्यात सरपण भरायची रीत ठरलेली आहे. दोन्ही भिंतींना लागून रास रचायची आणि मधून मागच्या दारापर्यंत एक माणूस जाईल एवढी वाट सोडायची. सगळ्या पाड्यात अशीच सोडतात. हवा खेळावी म्हणून सोडत असतील, असं मी धरून चालले होते.

यंदा वैशाखात वादळ झालं आणि वरच्या आळीतला एक जुना ऐन मुळासकट आडवा झाला. मालकाला तो लवकर हलवून हवा होता. एवढं लाकूड घरबसल्या मिळत असताना नाही म्हणणाऱ्यातली मी नाही. फोडून, वाळवून झालं तेव्हा आभाळ भरून आलेलं आणि दोन्ही राशी आढ्याला टेकलेल्या. मग मी मधली वाट भरून टाकली. मागच्या दारापासून सुरुवात केली आणि पुढच्या उंबऱ्यापर्यंत खच्चून लाकूड रचलं.

माझी सासू गोदी ओट्यावर बसून बघत होती. तिचं-माझं रोज मिठावरून वाजतं, पण ती उगाच बोलणारी बाई नाही.

“वाट बुजवलीस?” तिने विचारलं.

मी म्हटलं, कुडाला फटी आहेत, हवा येते.

“हवेसाठी नसते ती.”

“मग कोणासाठी असते?”

“घर हाय ते,” ती म्हणाली. “आपन निंगालो म्हनून घर रिकामा होत नाय.”

मी हसले. भाडेकरू ठेवलाय तर भाडं कोण घेतं, असंही वर विचारलं. उमेशने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हात धुवायला निघून गेला. सासू-सुनेच्या मध्ये तो कधीच पडत नाही.

३

पाऊस सुरू झाला आणि पहिले काही आठवडे सगळं छान चाललं. दाराजवळचं सरपण मी काढत होते, ठोकून बघत होते, उमेश पोचवत होता.

एकदा दुपारी मी जुन्या घराच्या दाराशी उभी राहून ढलप्या ठोकल्या आणि खाली ठेवल्या. तेवढ्यात आतून आवाज आला. थप. जरा वेळ गेला आणि पुन्हा एकदा, थप. कुणीतरी दोन ढलप्या एकमेकींवर ठोकाव्यात तसा, आणि ढलप्या ओल्या असाव्यात तसा.

मी आधी सासूला शोधलं. ती घरकुलात नाचणी निवडत होती. मग मी स्वतःची समजूत घातली. लाकूड वाळताना तडकतं, त्याचा आवाज होतो. घूस शिरली असेल. रास दबते, एखादं लाकूड सरकतं. यातलं प्रत्येक कारण खरं असू शकतं, आणि मी बारावीपर्यंत आश्रमशाळेत शिकलेली बाई आहे, मला उगाच घाबरायला आवडत नाही. फक्त तडकलेलं लाकूड थांबून, ऐकून, पुन्हा तडकत नाही, एवढं मनात राहिलं.

नंतर आवाज रोज यायला लागला. मी ठोकलं की थोड्या वेळाने आतून ठोकलं जायचं. मी उमेशला मुद्दाम दाराशी उभं केलं. त्याने ऐकलं आणि म्हणाला, लाकूड वाळतंय आत, चांगलं आहे की. मला त्याचा राग आला, पण त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. आतला आवाज दिवसागणिक बदलत होता. आधी बसका होता, मग थोडा मोकळा झाला आणि श्रावण लागेपर्यंत आतली ढलपी चक्क वाजायला लागली.

आणि माझ्या हातातली ओली व्हायला लागली.

४

पहिली तक्रार जिजाकडून आली. जिजाची जव्हारला खानावळ आहे, माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच. तिने माल परत पाठवला आणि फोनवर मला चांगलंच झापलं. स्वयंपाकघरात धूर कोंडला, भात अर्धा कच्चा राहिला, डोळे सुजले. मी तिला म्हटलं, असं होणारच नाही. मग परत आलेल्या ढलप्या ठोकून बघितल्या. त्या नुकत्या तोडल्यासारख्या ओल्या होत्या. सालीखाली चीक होता.

कौलं गळत असतील म्हणून उमेशला वर चढवलं. एकही कौल फुटलेलं नव्हतं. जमीन हाताने चाचपली तर धूळ लागली. पण दाराकडची रास वरपासून खालपर्यंत ओली होती, उन्हाळाभर माझ्या डोळ्यांसमोर वाळलेली. रडू आलं मला. एवढं कष्टाचं लाकूड डोळ्यांदेखत परत हिरवं होताना बघणं सोपं नसतं.

त्याच आठवड्यात मुकादम लाडक्या येऊन ओट्यावर बसला. तोच दरवर्षी भट्टीवर नवरा-बायकोच्या जोड्या घेऊन जातो. चहा प्यायला, पावसाचं बोलला आणि जाताना उमेशला सहज म्हणाला, की यंदा परत तुमची जोडी धरू ना? उमेश ‘बघू’ म्हणाला आणि रिकामा कप विसळायला घेऊन गेला. माझा हात पोटावर गेला. मूल नुकतंच हलायला लागलं होतं.

लाडक्या गेल्यावर सासू म्हणाली, “वाट मोकली कर, पोरी. लाकूड भायेर ठेवून भिजला तरी चालंल.”

मी ओरडलेच तिच्यावर. भिजवून चालणार नव्हतं. ते भिजलं असतं तर मला विटा उचलाव्या लागल्या असत्या. आत टणटणीत वाजणारं लाकूड आहे हे मी रोज ऐकत होते, आणि मला ते हवं होतं.

५

मागचं दार आत उघडणारं, ते लाकडाने घट्ट दाबून बसलं होतं. म्हणून पाऊस उघडला तेव्हा उमेशने राशीच्या वरच्या अंगाला, आढ्याखाली, एक भोक पाडलं. त्याचे खांदे त्यातून जाईनात. माझे जात होते. तेव्हा पोट एवढं दिसत नव्हतं. ठरलं असं, की मी आत सरकत जायचं, आतलं वाळलेलं लाकूड हातोहात मागे द्यायचं आणि उमेशने बाहेर रचायचं. सासू अंगणात उभी राहून नको नको म्हणत होती. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

लाकडांवरून पोटाला जपत, कुशीवर सरकत गेले. कौलांच्या फटींतून थोडा उजेड येत होता. मागच्या दाराकडे आले तेव्हा हाताखालचं लाकूड संपलं.

तिथे लाकूड असायला हवं होतं. माझ्या हातांनी मी ते रचलं होतं. पण तिथे एक मोकळी जागा होती, छोट्या खोलीएवढी. मी खाली उतरले. पायाला जमीन गार लागली आणि ताज्या सारवणाचा वास आला. चारी बाजूंना ढलप्या रचलेल्या होत्या, माझ्यापेक्षा नीट. एका कोपऱ्यात चुलीचे तीन दगड मांडलेले होते आणि त्यात राख नव्हती. कुणीतरी घर लावलं होतं. अजून चूल पेटवायची होती, एवढंच.

मी वर चढायला वळले आणि वरची रास सरकली. भोक बुजलं. उजेड गेला.

मी उमेशला हाक मारली. खूप जोरात मारली, तरी तोंडातून बाहेर आल्यासारखी वाटली नाही. लाकूड आवाज पिऊन टाकतं हे मला माहीत नव्हतं. उलट त्याचा आवाज मात्र स्वच्छ ऐकू आला. तो खुशीत होता.

“हां, दे,” तो म्हणत होता. “दे. आजून दे.”

आणि लाकूड दिलं जात होतं. माझ्या आणि त्याच्या मध्ये, अंधारात, एकेक ढलपी उचलल्याचा, पुढे सरकवल्याचा, त्याने घेतल्याचा आवाज येत होता. माझे दोन्ही हात माझ्या पोटावर होते. मी एकही लाकूड उचललं नव्हतं.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. शेवटी उजेडाची एक चीर दिसली आणि उमेशचा हात आत आला. त्याने मनगट धरून मला ओढून काढलं. अंगणात वाळलेल्या सरपणाचा ढीग लागला होता, टणटणीत.

“काय झपाट्याने दिलंस,” तो म्हणाला. “दमली नायस?”

मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि जरा थांबून पुन्हा एकदा बघितलं.

६

त्यानंतर मी आत गेले नाही. तरी माल बाहेर येत राहिला.

जिजाचा फोन आला, आता लाकूड एकदम फक्कड येतं म्हणाली. वर मला जपायला सांगितलं. तुझा नवरा सांगत होता, एवढी जड झालीस तरी आत उतरतेस म्हणून. मी उमेशला धारेवर धरलं. तो गोंधळला. त्याला वाटलं मी चेष्टा करते आहे. मीच तर आतून देते, तो फक्त उंबऱ्याशी उभा राहून घेतो. मी म्हटलं, सकाळपासून मी इथे बसून तांदूळ निवडते आहे. त्याने सूप बघितलं, तांदूळ बघितले आणि म्हणाला, “आसंल बा.” भांडण टाळायला तो असंच म्हणतो.

सासूने तिचं गाठोडं बांधलं. मोखाड्याला तिची लेक दिलेली आहे, तिच्याकडे निघाली. मला हाताला धरून म्हणाली, चल, बाळंतपण तिकडे कर. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी तिला तसं कधी बघितलं नव्हतं. मी तरीही नाही म्हटलं. धंदा आता कुठे चालायला लागला होता, आणि मूल माझ्या घरात व्हावं म्हणून तर हे सगळं मांडलेलं. ती जीपमध्ये बसून गेली. मी किती मूर्ख होते ते तेव्हा मला कळलं नाही.

ती गेल्यावर घर फार शांत झालं. उमेश संध्याकाळी दोन कप चहा घेऊन जुन्या घरात जायला लागला. तिकडून त्याचा बोलण्याचा आवाज यायचा, हळू आणि मायेचा. माझ्याशी तो असा बोलायचा, लग्न नवीन होतं तेव्हा. मला आधी भीती नाही, मत्सर वाटला. कोणत्याही बाईला वाटेल तसाच. रात्रीच्या जेवणाला तो मला ताट द्यायचा, पण पाहुण्याला देतात तसं, जरा अवघडून.

एका सकाळी तो कामाला गेल्यावर मी जुन्या घराच्या दाराशी गेले. मधली वाट मोकळी झाली होती. दोन्ही बाजूंना सरळ राशी आणि मधून एक माणूस जाईल एवढी जागा, पार मागच्या दारापर्यंत. दार उघडं होतं आणि त्या उजेडात कुणीतरी माझ्याकडे पाठ करून बसलं होतं. एक पाय लांब करून, एक हात कमरेवर ठेवून, जड बाई बसते तशी. दुसऱ्या हाताने तिने ढलपी उचलली, मांडीवरच्या ढलपीवर ठोकली आणि मान वाकडी करून ऐकलं.

अंगावर माझं जांभळं लुगडं होतं.

मी परत आले. पळाले नाही, पळवतच नव्हतं. पेटी उघडून बघितली. जांभळं लुगडं घडी घालून पेटीतच होतं. पाड्यातली कुणी बाई असेल, रंग काय बाजारात एकच मिळतो का, असं मी स्वतःला सांगत राहिले. पण मान वाकडी करून ऐकायची ती सवय माझी आहे. त्यावरून उमेश मला नेहमी चिडवायचा.

७

दिवाळी झाली आणि लाडक्याचा ट्रक रस्त्यावर येऊन थांबला. गाठोडी, कोंबड्या, चुलीची भांडी वर चढत होती. मी पोट सावरत रस्त्यापर्यंत गेले आणि म्हटलं, आम्हीपण येतो.

हे शब्द माझ्या तोंडून निघाले याचं मलाच नवल वाटलं. ज्या जागी माझं पहिलं गेलं तिथे मी आपण होऊन निघाले होते. पण तिथे निदान लोक होते, उघड्यावरची झोपडी होती, आणि उमेशने माझ्याकडे ओळखीने बघितलं असतं.

लाडक्या म्हणाला, नवऱ्याला घेऊन ये, एकट्या बाईला भट्टीवर घेत नाहीत. मी अंगणात आले. उमेश नवीन आलेल्या ओल्या फांद्या फोडत होता. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, चल, भट्टीवर जाऊ.

“भट्टीवर?” त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. “आता तर आत म्हनालीस, कायबी झाला तरी जायचा नाय. मूल घरातच करायचा.”

“मी असं म्हणाले नाही.”

“आता म्हनालीस. पान्याचा तांब्या देलास तवा.”

तो खोटं बोलत नव्हता. त्याचा चेहरा एवढा साधा होता की मला त्याची कीव आली. ती जे बोलली होती ते अक्षर न् अक्षर माझंच होतं. मी ते हवं म्हणून वर्षभर राबले होते. रस्त्यावर ट्रकने भोंगा वाजवला, थोडा वेळ वाट बघितली आणि निघून गेला.

मी घरकुलात शिरले. पिशवीत दोन लुगडी आणि बाळासाठी शिवलेली गोधडी कोंबली. मोखाड्याची दुपारची जीप अजून मिळाली असती. सासूच्या पाया पडायचं, मिठावरून पुन्हा कधी भांडायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. पिशवी उचलली तेव्हा समोरून उमेशचा आवाज आला.

“बस झाला आजचा. ये आता भायेर. हलू ये.”

खिडकीच्या गजांतून मी बघितलं. तो जुन्या घराच्या उंबऱ्याशी हात पुढे करून उभा होता. कुणीतरी तो हात धरला आणि बाहेर उजेडात पाय टाकला. जांभळा काठ, पुढे आलेलं पोट, त्याखाली धरलेला तळहात. तोंड उमेशच्या खांद्याआड होतं. ती दोघं सावकाश अंगण ओलांडून माझ्याकडे यायला लागली. तिला पावलं टाकायला जड जात होतं आणि तो तिला सांभाळत होता, फार प्रेमाने.

घरकुलाला दार एकच. मी आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

पावलं ओट्यावर चढली. दार ढकललं गेलं. मग पुन्हा, जरा जोरात.

“कडी कोनी घातली?” उमेश म्हणाला. “आत कोन हाय?”

मी आहे, म्हणायला मी तोंड उघडलं. पण त्याच्या शेजारून उत्तर आधीच आलं. माझ्याच आवाजात, दमलेलं, जरासं हसरं.

“कोन आसनार? कोनी नाय.”

मी मुलाला घाबरू नको म्हणून सांगायला पोटावर हात ठेवला. हाताखाली नुसतं कापड होतं.